ट्रे उलटला त्या दिवसापासून

आधी हिशोब सांगते. कॅमेरा उघडायला मला पावणेतीन तास लागले. सुट्या भागांचा ट्रे उलटायला एक सेकंदही लागला नाही. आणि तोच कॅमेरा पुन्हा बंद होऊन त्यातून पहिला रोल निघायला नऊ आठवडे गेले. त्यातले जवळजवळ तीन आठवडे तर मी सगळे स्क्रू भरलेली पिशवी कपाटात ढकलून तिच्याकडे पाठ फिरवली होती. कुणी आत्ता अशाच पिशवीकडे बघत बसलं असेल तर हे त्याच्यासाठी लिहितेय.

कॅमेरा म्हणजे ३५ मिमी फिल्मचा जुना, पूर्ण यांत्रिक, के माउंटचा (लेन्स अडकवायच्या एका ठरावीक जोडाचा) एसएलआर, म्हणजे आतल्या आरशामुळे लेन्समधूनच बघता येणारा. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईपुरती. शिकण्यासाठी असाच कॅमेरा घ्यावा, असं वाचलं होतं आणि ते खरंच आहे. फ्लॅश असलेल्या छोट्या कॉम्पॅक्टमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो, तो बॅटरी काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास धरून बसू शकतो. पहिल्याच कॅमेऱ्यात तो धक्का नको. माझ्या कॅमेऱ्याचं दुखणं वयाचं होतं. वर्षानुवर्षं बॅगेत पडून लेन्समधलं ग्रीस इतकं घट्ट झालं होतं की फोकसची रिंग फिरवायला गेलं की आख्खा कॅमेराच हातात फिरायचा. आरशावरच्या फोमचं चिकट डांबर झालं होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये धूळ होती.

१० जानेवारीला बसले. घरात ३२ तुकड्यांचा स्क्रूड्रायव्हर सेट होता, त्यातला सगळ्यात बारीक 'स्टार' घेतला, खालच्या पत्र्याच्या पहिल्या स्क्रूवर टेकवला, जोर दिला. टोक सर्रकन वर आलं आणि स्क्रूच्या फुलीचा एक कोपरा घासला गेला. दुसऱ्या प्रयत्नात दुसरा कोपरा. तिथेच थांबले, हे त्या दिवसातलं एकमेव शहाणपण.

आपण सरसकट स्टार म्हणतो त्यात दोन जाती आहेत. एक फिलिप्स, तिचं पेटंट १९३६ चं. जपानी कॅमेऱ्यांमधली फुली मात्र जपानी मानकांप्रमाणे कापलेली असते. जेआयएस बी १०१२ हे त्यांचं सर्वसाधारण मानक, आणि कॅमेरा उद्योगाने बारीक स्क्रूंसाठी वेगळं जेसीआयएस ८-७० केलं होतं. दोन्ही फुल्या नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. पण फिलिप्सचं टोक जपानी फुलीच्या तळापर्यंत बसत नाही, वरच्या वर अडकतं आणि जोर दिला की बाहेर येताना कडा खातं. उलटं चालतं, जपानी टोक फिलिप्समध्ये ठीक बसतं. म्हणून जपानी टोकाचे दोनच ड्रायव्हर मागवले, शून्य आणि दुहेरी शून्य मापाचे. त्या दोघांची किंमत आधीच्या ३२ तुकड्यांहून जास्त पडली. बारा दिवस वाट पाहिली.

घासलेला स्क्रू कसा निघाला तेही सांगते. त्याच्या डोक्याभोवती जुन्या लाखेचा पारदर्शक थर होता. स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून कारखान्यात असा थेंब लावतात. त्यावर काडीच्या टोकाने ॲसिटोनचा एक थेंब ठेवला, अर्धा तास थांबले (ॲसिटोन प्लॅस्टिक आणि रंग दोन्ही खातं, तेव्हा थेंब म्हणजे खरंच थेंब). मग नव्या ड्रायव्हरच्या टोकाला इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट कणभर लावली. निम्मा जोर खाली दाबण्यात, निम्मा फिरवण्यात. निघाला. त्या आनंदात पुढचं सगळं मी जरा फारच भराभरा केलं.

२५ जानेवारी. सुट्या भागांसाठी बर्फाचा चौदा खणांचा ट्रे घेतला होता. पहिला टप्पा पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात. पद्धत चांगली आहे. रिवाइंडचा खटका (फिल्म परत गुंडाळायची मूठ) काढायला फिल्मच्या कप्प्यातला काटा पेन्सिलीने अडवून धरायचा आणि वरून उलट फिरवायचा. शटर स्पीडच्या चकतीला कडेने बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू असतात, ते पूर्ण काढायची गरज नसते, दोन फेरे सैल केले की चकती वर येते. मी पूर्ण काढले. लेन्स बसते ती माउंटची रिंगही काढली. फोम बदलायला आणि धूळ झाडायला ती काढायची काही गरज नव्हती, हे आता कळतं. तिच्याखाली कागदासारख्या पातळ दोन पितळी रिंगा होत्या. त्याही ट्रेमध्ये ठेवल्या. मग लेन्स. मागचे स्क्रू, मग ॲपर्चरची (आत येणारा उजेड कमी-जास्त करायची) रिंग, आणि रिंग उचलताना तिच्या खाचेतून सुटून आलेली राईएवढी पोलादी गोळी. प्रत्येक क्लिक जाणवतो तो या गोळीमुळे.

मध्येमध्ये फोनवर फोटो काढत होते. एकूण ६१ फोटो. पौर्णिमेच्या चंद्राचे काढावेत तसे, जे छान दिसलं त्याचे.

संध्याकाळ झाली, दिवा लावायला उठले. बाहीत ट्रेचा कोपरा अडकला. आवाज फार झाला नाही. पावसाचे पहिले चार थेंब पत्र्यावर पडावेत तेवढाच.

दादा धावत आला. त्याने पहिली गोष्ट बरोबर केली, मला हलू दिलं नाही. मोठा दिवा बंद केला, टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला. आडव्या उजेडात दीड मिलिमीटरच्या स्क्रूचीही बोटभर लांब सावली पडते, आणि आपण स्क्रू नाही तर सावली शोधतो. कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने झाडले, नळीच्या तोंडाला जुना पातळ स्टॉकिंग ताणून रबरबँडने बांधला होता. जे ओढलं जाईल ते कापडावर अडकतं. तासाभराने मोजलं: स्क्रू ३८, वॉशर ९, स्प्रिंगा ३, पातळ रिंगा २, आणि काही तरफा आणि तुकडे.

"सगळे मिळाले?" दादाने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे? किती होते?"

"मोजले नव्हते रे."

तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

यानंतरचे तीन आठवडे वगळते. वगळण्यासारखेच होते.

१४ फेब्रुवारीला पिशवी काढली आणि लगेच दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. वाटलं, ओळखायचे तर आधी स्वच्छ दिसायला हवेत. लेन्सचे भाग आणि पंधरा-सोळा स्क्रू काचेच्या झाकणात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकले, ब्रशने घासले, टिश्यूवर मांडले. चकचकीत निघाले. आणि आता त्यांच्यात काहीही फरक उरला नव्हता.

उरलेले बावीस मळके स्क्रू भिंगाखाली घेतले तेव्हा कळलं की आपण काय धुऊन टाकलं. एकाच्या डोक्याखाली काळ्या चिकट फोमचा कण होता, म्हणजे तो आरशाच्या खोक्याजवळचा. दोघांच्या आट्यांना हिरवट जुनं ग्रीस होतं, म्हणजे लेन्सचे. चौघांच्या डोक्यावर लाखेचा अर्धा चंद्र होता, उरलेला अर्धा चंद्र ज्या भोकाच्या काठावर असेल तिथले ते. मळ हाच त्यांचा पत्ता होता. तेव्हा ओळख पटेपर्यंत काहीही धुऊ नका. धुवायचंच तर एकेक, आणि आधी फोटो.

लेन्स उघडताना फोकसच्या हेलिकॉइडचे, म्हणजे लेन्स पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांच्या नळ्यांचे, दोन भाग नेमके कुठे सुटले, तिथे मी मार्करने रेघ मारून ठेवली होती. अल्कोहोलमध्ये तीही गेली. तिच्याकडे नंतर येते.

तर उरलेल्या मार्गाने स्क्रूंची वर्गवारी सुरू केली. पांढऱ्या कागदावर चौकटी आखल्या आणि एका वेळी एकच प्रश्न विचारला.

पहिला, चुंबकाला चिकटतो का? पोलाद चिकटतं, पितळ नाही. कागदाच्या खालून चुंबक फिरवायचा, चिकटणारे चालायला लागतात. लहान मुलासारखी मी हे तीनदा केलं. सहा पितळी निघाले. दुसरा, डोकं कसं? घुमटासारखं, सपाट दंडगोलाचं, की खालून निमुळतं काउंटरसंक? काउंटरसंक स्क्रूला बशीसारखं खोलगट भोकच लागतं, दुसरीकडे तो बसू शकत नाही, म्हणून त्यांची जागा सगळ्यात आधी ठरते. तिसरा, रंग. काळे आणि चकचकीत क्रोमचे स्क्रू बाहेरून दिसणाऱ्या जागी, मळकट पिवळे किंवा राखाडी आतल्या जागी. याला अपवाद असतात, पण सुरुवात होते. चौथा, फुली की सरळ खाच. काही जुन्या जपानी कॅमेऱ्यांत सरळ खाचेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक बारीक रेघ असते, अशा तीन रेघा दिसल्या तर तो उलट आट्यांचा स्क्रू समजावा, घड्याळाच्या दिशेने सुटणारा. माझ्यात असा एक होता. सुदैवाने तो मी काढतानाच चुकून बरोबर दिशेला फिरवला होता.

मग मोजमाप. डिजिटल व्हर्नियर लागतो, साधी पट्टी पुरत नाही. स्क्रूचा बाहेरचा व्यास नावापेक्षा किंचित कमीच भरतो. एम २, म्हणजे नावाला २ मिमी व्यासाचा, मोजताना १.९६ किंवा १.९७, एम १.७ म्हणजे १.६६ च्या आसपास, एम १.४ म्हणजे १.३७ वगैरे. लांबी मोजताना घुमटी डोक्याच्या स्क्रूची डोक्याखालून मोजतात आणि काउंटरसंकची डोक्यासकट. हे मला उशिरा कळलं, अर्धा तक्ता पुन्हा लिहिला. आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, एम १.४ ला ०.३ मिमी, एम १.७ ला ०.३५, एम २ ला ०.४. एवढं बारीक मोजत बसायची गरज नाही. दोन स्क्रू शेजारी धरून आट्यांत आटे घुसवायचे आणि खिडकीच्या उजेडावर बघायचं. पिच एकच असेल तर दोन करवती एकमेकींत बसाव्यात तसे बसतात, मध्ये उजेड दिसत नाही. वेगळा असेल तर तिसऱ्या-चौथ्या आट्यापासून फट उघडत जाते.

या युक्तीने एकदा मला फसवलंही. खालच्या पत्र्याच्या एका भोकात एम १.७ वाटलेला एक स्क्रू घातला तर तो फिरत राहायचा, घट्टच व्हायचा नाही. वाटलं भोकाचे आटे गेले. शेजारच्या स्क्रूशी आटे जुळवून बघितले, चपखल बसले. म्हणजे स्क्रू बरोबर, भोक खराब. दोन दिवस त्याच समजुतीत होते. मग सहज व्यास मोजला: १.५८. तो एम १.६ होता. एम १.६ आणि एम १.७ या दोघांचाही पिच ०.३५ च असतो, त्यामुळे आटे जुळतात, पण बारीक स्क्रू मोठ्या भोकात नुसता धरल्यासारखा करतो. भिंगाखाली त्याच्या डोक्यावर लाल लाख दिसली, बाकी सगळ्यांवर पारदर्शक होती. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी हा कॅमेरा उघडला होता, त्याचाही एक स्क्रू हरवला होता, आणि त्याने हाताला लागला तो बसवून लाखेने चिकटवला होता. त्या अनोळखी माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

आता दुसरी बाजू, भोकांची. खरं तर मी इथूनच सुरुवात करायला हवी होती. स्क्रू पुष्कळ आणि सारखे असतात, भोकं मात्र प्रत्येक वेगळी आणि हलत नाहीत. वहीत प्रत्येक पत्र्याचं चित्र काढलं, घड्याळाच्या तबकडीप्रमाणे भोकांना नाव दिलं: माउंट १ वाजता, माउंट ४ वाजता. एकूण ४१ भोकं. म्हणजे तीन स्क्रू कमी. आकडा वाईट होता, पण पहिल्यांदाच आकडा होता.

भोक बरंच काही बोलतं. डोकं जिथे वर्षानुवर्षं दाबून बसलेलं असतं तिथे रंगावर गोल ठसा उमटतो, व्हर्नियरने त्याचा व्यास घेतला की डोक्याचा व्यास कळतो. ठशाबाहेर दुसरं फिकट वर्तुळ असेल तर तिथे वॉशर होता. आंधळ्या भोकात, म्हणजे पलीकडे न उघडणाऱ्या, बारीक तार घालून खोली घेतली, त्यातून पत्र्याची जाडी धरून स्क्रूची लांबी काढली. अर्ध्याहून अधिक जागा अशा एका संध्याकाळीत ठरल्या.

फोटोंचाही उपयोग झाला, पण मी ज्यासाठी काढले होते त्यासाठी नाही. शटरच्या एका 'सुंदर' फोटोत मागे, धूसर, ट्रे दिसत होता. तिसऱ्या खणात चार काळे आणि एक लांब पिवळा. मोठा करून बघितला तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारली. आता मी स्क्रू सैल करण्याआधी, ड्रायव्हरचं टोक त्या स्क्रूवर ठेवून फोटो काढते. फोटो छान येत नाही.

एक मोठा अपघात होता होता वाचला. आरशाच्या खोक्यापाशी दोन भोकं शेजारी शेजारी, दोन्ही एम १.७. एकात २.५ मिमीचा स्क्रू, एकात ३.५ चा. मी उलटे घातले. दोन्ही छान बसले. शटर वाइंड केलं (खटका ओढून ताणलं), बटण दाबलं, पडदा अर्ध्यावर थांबला. माझ्या पोटात गोळा आला. तासभर शटरमध्ये दोष शोधला. मग आलं लक्षात की लांब स्क्रूचं टोक आत निघून एका तरफेला टेकतंय. स्क्रू अर्धा फेरा सैल केला, पडदा खाडकन पूर्ण गेला. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय: प्रत्येक दोन-तीन स्क्रू बसले की कॅमेरा वाइंड करून एकदा सोडायचा. बिघडलं तर शेवटच्या तिघांपैकीच कुणीतरी असतो.

आणि स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवायचा. हलक्या हाताने, घड्याळाच्या विरुद्ध, फक्त ड्रायव्हरच्या वजनाने. एका ठिकाणी तो किंचित खाली पडतो, बोटांना बारीकसं टक जाणवतं. स्क्रूच्या आट्याची सुरुवात भोकाच्या आट्याच्या सुरुवातीवर आली. तिथून सरळ फिरवायचा. पन्नास वर्षांच्या ॲल्युमिनियममध्ये आडवे आटे पाडायला एकच घाई पुरते.

हेलिकॉइडने एक आख्खा रविवार घेतला. त्याला एकच नाही तर अनेक आटे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे तो अनेक जागी सुरू होऊ शकतो, आणि त्यातली बरोबर जागा एकच. बाकीच्या जागी सगळं नीट फिरतं, फक्त लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंवर, जुळत नाही किंवा रिंग मध्येच अडते. एक सुरुवात धरायची, पूर्ण आत फिरवायचं, बघायचं, पुन्हा बाहेर. सहाव्या खेपेला जमलं. नवी खूण सुईने ओरखडा काढून केली. ओरखडा अल्कोहोलने जात नाही.

त्या दोन पातळ पितळी रिंगांची मला सगळ्यात जास्त भीती होती. त्या सजावटीच्या नसतात. के माउंटमध्ये माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी असावं लागतं, आणि कारखान्यात ते अंतर अशा पातळ रिंगा कमी-जास्त करून साधतात. एक राहून गेली तर कॅमेरा चालतो, फोटोही येतात, फक्त लेन्सवरच्या अंतराच्या खुणा खोट्या ठरतात, रिंग अनंतावर असली तरी दूरचं धूसर येतं. दोन्ही सापडल्या होत्या, हे नशीब. बसवल्यावर तपासलं: मागचं झाकण उघडून फिल्मच्या रुळांवर दुधी रंगाचा चिकटपट्टीचा ताणलेला तुकडा लावला, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती जागा) ठेवून केबलने उघडं धरलं, आणि दूरच्या दिव्याकडे रोखून भिंगाने पट्टीवरचं चित्र बघितलं. लेन्स अनंतावर, दिवा टाचणीच्या टोकासारखा. व्ह्यूफाइंडरमध्येही तसाच. त्या रात्री नीट झोप लागली.

हरवलेल्या तीन स्क्रूंपैकी एक कॅमेऱ्याच्या चामड्याच्या पट्टीमागे, जुन्या गोंदाला चिकटलेला मिळाला. दुसरा दादाच्या मोज्यातून आला. तिसरा आजतागायत नाही. पण सगळ्यात जास्त शोधली ती क्लिकची गोळी. तिच्यासाठी दोन संध्याकाळी पुन्हा जमिनीवर टॉर्च ठेवून रांगले. सापडली ती जुन्या ३२ तुकड्यांच्या सेटमध्ये, चुंबक असलेल्या ड्रायव्हरच्या दांड्याला, टोकापासून बोटभर वर चिकटलेली. हा ड्रायव्हर मी रोज हातात घेत होते. काखेत कळसा म्हणतात तो हा. चुंबकी ड्रायव्हर आता कॅमेऱ्यापासून लांबच ठेवते, मीटरच्या सुईच्या यंत्रणेजवळ तर मुळीच नाही.

तिसऱ्या स्क्रूसाठी त्याच मॉडेलचा एक मेलेला कॅमेरा भागांसाठी म्हणून मागवला. माझ्या कॅमेऱ्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याला पडला, यायला एकवीस दिवस लागले. वाटलं होतं, हा म्हणजे उत्तरपत्रिका. तो नंतरच्या वर्षांत बनलेला निघाला, बऱ्याच जागी स्क्रूंच्या लांब्या वेगळ्या. हवा तो एम १.७ त्यात होता, पण ३ मिमी, मला २.५ पाहिजे होता. मग स्क्रू कापला. त्याच आट्यांच्या भोकाचा एक जाड पत्रा त्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढला, स्क्रू त्यात पूर्ण फिरवला, पलीकडे निघालेलं टोक बारीक कानशीने घासलं. पत्र्यातून परत बाहेर काढताना टोकाचे आटे आपोआप साफ होतात. नुसता चिमट्यात धरून घासला असता तर तो कुठे गेला असता हे मला माहीत आहे.

त्या मेलेल्या कॅमेऱ्याचे भाग मी एका दिवसात सुटे केले आणि या वेळी एकही सांडला नाही. भाग उचलला की त्याचे स्क्रू शक्य तिथे त्याच्याच भोकात दोन फेरे परत लावून टाकते. याहून चांगला डबा नाही. ज्यांना भोकात ठेवता येत नाही ते झाकणाच्या डबीत, एका टप्प्याला एक डबी, आत चिठ्ठी. चिठ्ठीवर 'छोटा काळा स्क्रू' असं लिहिण्यात अर्थ नसतो, महिन्याने सगळेच छोटे आणि काळे असतात. मी असं लिहिते: 'एम १.७ × ३, काळा, घुमटी, पोलाद, वरचं झाकण, मागे डावीकडे, टप्पा २, एकूण ३ पैकी १.' स्प्रिंगची चिठ्ठी असेल तर कोणतं टोक कुठे अडकलं होतं त्याचं चित्र. ई-क्लिप (दांड्याच्या खाचेत बसणारी इंग्रजी ई आकाराची बारीक कडी) आणि स्प्रिंग काढताना हात आणि भाग दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत. वेड्यासारखं दिसतं, पण उडालेली क्लिप पिशवीतच राहते. चिकटपट्टीवर स्क्रू ओळीने लावणारेही आहेत, मला तिचा गोंद आट्यांत राहतो म्हणून आवडत नाही.

२२ मार्चला माझ्या कॅमेऱ्याचा खालचा पत्रा लागला. ४१ भोकं, ४१ स्क्रू. ट्रेमध्ये एक पातळ पितळी वॉशर उरला.

ज्यांनी काहीही उघडून बंद केलंय त्यांना हा क्षण माहीत असेल. वॉशरचे ठसे सगळीकडे तपासले होते, आठही जागा भरलेल्या होत्या, आणि हा नववा. बाहेरचा व्यास ५.८, आतला ३.१, एका बाजूला गोल घासल्याची चमक. म्हणजे तो काहीतरी फिरणाऱ्याखाली बसत होता. सगळं वाइंड करून, सोडून बघितलं, सगळे स्पीड चालत होते. चिठ्ठी लिहिली, 'फिरणाऱ्या दांड्याखालचा, जागा माहीत नाही', आणि रोल भरला. आठवड्याने रोल धुऊन आला. छत्तीसपैकी दोन फ्रेम एकमेकींवर चढलेल्या, बाकी ठीक. एकात दादा टॉर्च धरून उभा आहे, अर्थात मुद्दाम.

रोल परत गुंडाळताना रिवाइंडचा खटका थोडा लटपटत होता. तेव्हा वाटलं, जुना आहे, झिजला असेल. परवा तो मेलेला कॅमेरा पुन्हा हातात घेतला, रिवाइंडचा काटा पेन्सिलीने अडवून खटका काढला, तर दांड्याभोवती तसाच पितळी वॉशर. वर ५.८ चा गोल ठसा. माझ्या कॅमेऱ्यात मी त्या ठशावरची धूळ पहिल्याच दिवशी पुसून टाकली होती. वॉशर बसवायला चार मिनिटं लागली. चिठ्ठीवर 'जागा माहीत नाही' खोडून 'रिवाइंड, खटक्याखाली' लिहिलं, आणि रिकामी डबी परत खणात ठेवली.